इमामबीच्या मशिनी

इमामबीला राग यायला मोठं कारण लागत नसे, पण खोटं कारण तिला कधी चाललं नाही. नगरात झेंडीगेटच्या आतल्या गल्लीत ती राहायची. पाणी घातलेलं दूध, उसवलेली शिवण, रडत्या पोराला उगाच घातलेला धपाटा, यातलं काहीही डोळ्यांपुढं आलं की तिचा आवाज गल्लीच्या पार त्या टोकाला जायचा. बायका म्हणायच्या, "बाकीच्यांच्या नाकावर राग असतो. हिच्या रागालाच नाक फुटलंय." ते तिच्या कानावर जायचं आणि ती हसायची. हसायची तेही भांडल्यासारखंच.

नवरा लालमहंमद दर्जी होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा मागं उरली हातानं फिरवायची एक सिंगर मशीन आणि एक कात्री. पोर ना बाळ. सासरच्यांना वाटलं, आता ही माहेरी पुणतांब्याला निघून जाईल. इमामबी गेली नाही. इद्दतीचे, नवऱ्यामागं घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपल्यावर तिनं खोलीचं दार सताड उघडलं, मशीन उंबऱ्याच्या आत उजेडाला मांडली आणि चोळ्या-झबली शिवायला घेतली. पुरुष दर्ज्यापुढं उभं राहायला लाजणाऱ्या लेकीसुनांना तेच हवं होतं. मुसलमानांच्या आल्या, माळ्यांच्या आल्या, साळ्यांच्या आल्या. बघता बघता हातात काम मावेना.

बाकीच्या मशिनी आल्या त्या मात्र रागातून. एकदा ती बाजारात धान्य आणायला गेली होती. व्यापाऱ्याच्या कोठाराचं दार वाऱ्यानं आपटत होतं, म्हणून त्याला काहीतरी काळं धूड टेकवून ठेवलं होतं. इमामबीनं वाकून बघितलं तर ती मशीन. चाकात पोत्याची सुतळी गुंतलेली, अंगावर उंदराच्या लेंड्या.

"शेठ, हे काय लावलंय दाराला?"

"आईच्या वेळचं हाय. चालत न्हाई आता."

"चालत न्हाई, का चालवता येत न्हाई?" इमामबीचा आवाज चढला. "तुमची आई हिच्यावर बसून तुमची अंगडी शिवायची, आन् तुमी हिला धोंडा केलात?"

दुकानात चार माणसं होती. शेठजी कानकोंडे झाले. म्हणाले, घेऊन जा, पण सून बाळंत होणार आहे, तिचा बाळंतविडा तेवढा शिवून दे. इमामबीनं धान्याची पिशवी तिथंच ठेवली आणि पोर घ्यावं तशी मशीन कडेवर मारून भर बाजारातून घरी आणली. मग कित्येक दिवस रॉकेलचा बोळा घेऊन ती तिच्यामागं लागली. गंज सुटला तशी काळ्या अंगावरची सोनेरी वेल दिसायला लागली. हात टेकायच्या जागी वेल पुसून गेलेली होती. शेठजींच्या आईचा हात असणार तो. चाक पहिल्यांदा मोकळं फिरलं आणि कापडावर बारीक, सरळ, घट्ट टीप पडली, तेव्हा इमामबीला आनंद झालाच, पण आधी तोंडातून शिवी निघाली. इतकी वर्षं हिला दाराला लावली, मेल्यांनी!

तेव्हापासून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या खाटेखाली मशीन पडलीय असं कळलं की ती जाऊन थडकायची. एक भिंगारच्या छावणीतून आली. साहेब विलायतेला निघाला होता आणि मडमेची मशीन भंगारात टाकत होता. एक पारनेरच्या मालनबाई मास्तरणीकडून आली. डोळे गेल्यावर त्यांनी ती कुणाला हात लावू दिली नव्हती, इमामबीला दिली. एक जर्मन होती, जड, खोल आवाजाची. अशा करत सात झाल्या. नुसत्या मांडून ठेवायला नव्हेत. सातही चालायच्या. जर्मन मशीन मखमलीवर कधी अडत नसे. मडमेची मशीन मलमलीवर अशी जायची की कापडाला कळू नये. मास्तरणीबाईंची खोडकर होती; तिला ऊन लागलं की टाके सोडायची, म्हणून ती भिंतीच्या कडेला. जाऊबाई म्हणायची, "दोन हात एका बाईला, सात मशिनी कशाला?" इमामबी म्हणायची, "तोंड एक असून तुझ्या मांडणीवर भांडी किती, ते मोज आधी."

लढाई सुरू झाली आणि सगळंच महाग झालं, मग मिळेनासं झालं. कापड रेशनवर गेलं. विलायती मशीन तर बघायलाही मिळेना. म्हणे तिकडचे कारखाने आता बंदुकीचे भाग करतात. इमामबीच्या दिराचं, जैनुद्दीनचं, लक्ष तेव्हा पहिल्यांदा भावजयीच्या खोलीकडं गेलं. तो त्याच अंगणात समोरच्या बाजूला राहायचा. कामधंदा धड नव्हता, पण सदरा कायम इस्त्रीचा. त्याची ओळख झाली आबासाहेब नावाच्या ठेकेदाराशी. आबासाहेबांनी लष्कराच्या कपड्यांचा आणि तंबूंचा ठेका घेतला होता. भिंगारच्या रस्त्याला मोठी पत्र्याची शेड उभी केली होती. माणसं मिळत होती, मशिनी मिळत नव्हत्या.

त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या, रोशनबीच्या, बाळंतपणासाठी इमामबी पुणतांब्याला गेली. बाळ नीट झालं, बाळंतीण उठून बसली, तशी ती गाडीनं परत आली. अंगणात पाऊल टाकलं आणि दिसलं की आपल्या दाराचं कुलूप बदललंय. जावेनं किल्ली आणून दिली. दार उघडलं. खोली रिकामी होती. मशिनींच्या जागी जमिनीवर तेलाचे डाग तेवढे होते.

ती जैनुद्दीनच्या दारात गेली. तो जेवत होता.

"माझ्या मशिनी कुठं हायत?"

"बस भाभी, पाणी पी."

"मशिनी कुठं?"

"आबासाहेबांच्या शेडमदी. धूळ खात पडल्या होत्या, चार घरांच्या कामाला आल्या. मला तिथं मुकादम केलंय त्यांनी." त्यानं घास मोडला. "आन् भाईच्या मागं घरातलं काय कुठं द्यायचं, ते मलाच बघायला पायजे ना? तू बाईमाणूस."

"तुझ्या भाईची एक होती. सहा माझ्या हातच्या. रॉकेलनं माझी बोटं सोलली तेव्हा कुठं होतास तू?"

"घरातलं भांडण रस्त्यावर नको," तो म्हणाला आणि भाकरीकडं वळला.

इमामबीनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. जाऊ किंचाळली. इमामबी तशीच, प्रवासाच्या धुळीनं भरलेली, भिंगारच्या रस्त्याला लागली.

शेडमध्ये बायका ओळीनं बसल्या होत्या. पत्रा तापून आत भट्टी झाली होती. इमामबीनं नजर टाकली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मडमेची मलमलीची मशीन, आणि तिच्याखाली तंबूचं जाड कापड, चार घड्यांचं, कोंबलेलं! सुई कण्हत होती. चाक फिरवणारी बाई दोन्ही हातांनी जोर लावत होती.

आबासाहेब खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "तुमच्या दिरानं आणून दिल्यात, बाई. त्याच्याशी बोला. आमचं काम सरकारी हाय, लढाईचं. अडवलं तर फौजदार येतो, आमी न्हाई."

इमामबी जमातीच्या वडीलधाऱ्यांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सबर कर, बेटी." चौकीवर गेली. जमादार म्हणाला, दीर-भावजयीच्या भानगडीत पोलीस पडत नाहीत, धीर धरा. घरी आली तर शेजारीण समजूत घालायला बसलेलीच. "सबर कर गं."

"तुझ्या चुलीतला विस्तव कुणी उचलून नेला आसता, तर सबर केला असतास?" इमामबी म्हणाली. शेजारीण उठून गेली.

पुढं काही आठवडे ती हातानं शिवत राहिली. दात असे आवळलेले असायचे की जबडा दुखायचा. समोरच्या दारातून जैनुद्दीन इस्त्रीचा सदरा घालून कामाला निघाला की ती सुई कापडात खुपसून थांबायची, तो गल्लीबाहेर जाईपर्यंत.

मग एका सकाळी तोच तिच्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मशिनी अडायला लागल्या होत्या. धागा तुटतो, टाके सुटतात, एकीतून तर नुसता खडखडाट येतो. नगरात दुसरं कुणी या जुन्या मशिनींना हात लावायला तयार नव्हतं. "भाभी, एकदा येऊन बघ. झालं गेलं सोडून दे."

 इमामबी उठली, डोक्यावरून पदर घेतला. "चल."

या जुन्या मशिनींच्या पोटात एक लोखंडी धोटा असतो. विणकराच्या धोट्यासारखाच, होडीच्या आकाराचा, पण बोटाएवढा. त्यात खालचा दोरा. सुई वरून दोरा घेऊन येते आणि हा धोटा त्या दोऱ्याच्या फासातून सुळकन निघून जातो, तेव्हा टाका पडतो. धोटा नसेल तर सुई नुसती भोकं पाडते. आणि एकीचा धोटा दुसरीला चालत नाही.

शेडमध्ये इमामबी पहिल्या मशिनीपुढं बसली. सरकपट्टी बाजूला केली, धोटा काढला, उजेडात धरला. धार घासून खरखरीत झाली होती. तिनं तो ओच्यात टाकला आणि दुसऱ्या मशिनीकडं गेली. बायका हात थांबवून बघत होत्या. जैनुद्दीन मागं मागं होता. जर्मन मशिनीच्या जागी पाट रिकामा होता.

"ही कुठंय?"

"तिची मान तडकली," जैनुद्दीन म्हणाला. "तंबूच्या कापडावर. भंगारवाल्याला दिली."

  इमामबीनं राहिलेले धोटे काढले, ओच्याची गाठ मारली आणि दाराकडं निघाली.

"भाभी, कधी आणून देशील?"

"मशिनी माझ्या घरी आल्या की," इमामबी म्हणाली आणि उन्हात बाहेर पडली.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो धावत आला, रस्त्यात तिचा हात धरायला गेला. ती वळली. "धर. भर रस्त्यात विधवा भावजयीचा हात धर. बघू दे सगळ्या नगराला." टांगेवाले थांबून बघायला लागले होते. त्यानं हात मागं घेतला.

आबासाहेबांनी आधी हसून सोडलं. मग एका लोहाराकडून धोटा करवून आणला. तो आतल्या आत अडकून बसला. दुसरा काताऱ्याकडून कातवून आणला. त्यानं सुया मोडल्या. मुंबईला माणूस पाठवला, तो हात हलवत आला. शेवटी त्यांनी त्या मशिनींवरच्या बायकांना घरी बसायला सांगितलं.

हे इमामबीच्या कानावर आलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, वाळकी, काष्टा घातलेली. शेडमध्ये मडमेची मशीन ओढणारी तीच. रंगुबाई तिचं नाव. कर्जतकडची. पाऊस दोन साल फिरकला नव्हता, नवरा साखर कारखान्याच्या मळ्यावर गेला होता आणि ती पोरीला घेऊन नगरात आली होती.

"तूच का ती इमामबी?"

"मीच. काय हाय?"

"काय हाय? मला इचारती काय हाय!" रंगुबाईनं कमरेवर हात ठेवले. "तुझं भांडान दिराशी. तुझं भांडान त्या ठेकेदाराशी. त्यो बसलाय खुर्चीत, दीर बसलाय घरात. चूल इझली ती माजी!"

"तुझी मशीन कुणी नेली नव्हती," इमामबी ओरडली. "माझ्या घराचं कुलूप फोडून नेल्या! तंबू शिवून हाडं खिळखिळी केली तिची. आन् ते तूच करत होतीस, तुझ्याच हातानं!"

"व्हय, माज्याच हातानं! मला काय म्हाईत कुनाची मशीन? समोर जे ठेवलं ते वढलं. पोरगी उपाशी आसली का कापड जाड हाय का बारीक, ते बघत न्हाई कुनी." तिचा आवाज फाटला. "मशीन तुजी, मान्य हाय मला. पन हात तर माजं व्हते ना? तू धोटं न्हेलंस ते आमच्या समद्यांच्या हातातनं न्हेलंस. इचारलंस कुनाला?"

गल्लीतल्या बायका दारादारांत आल्या होत्या. इमामबीच्या भांडणात समोरचं माणूस इतका वेळ टिकलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.    रंगुबाई थुंकली आणि निघून गेली.

इमामबीचा राग त्या दिवशी जागा सापडेना असा फिरत राहिला. रंगुबाईवर धरावा तर धरवेना. तिनं पातेलं आपटलं, जावेशी उगाच तंडली, मग धोटे पुढ्यात घेऊन बसली आणि बारीक वाळूच्या कागदानं घासायला लागली. घासता घासता तिच्या ध्यानात आलं की शेडमधल्या त्या बाईचे हात तिनं पाहिले होते, सोललेले. पाहून आपल्याला कीव आली होती ती मशिनीची.

दुसऱ्या सकाळी ती विचारत विचारत माळीवाड्याबाहेरच्या झोपड्यांत गेली. रंगुबाई तिला बघून उठली नाही.

"माफी मागायला आलीस?"

"न्हाई," इमामबी म्हणाली. "मला ती येत न्हाई. मशिनी परत आणायच्या हायत. तुमी बायका माझ्यासंगं याल का, ते इचारायला आले. तवा इचारलं न्हवतं."

रंगुबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. "आन् आल्यावर काम?"

"माझ्या खोलीत, अंगणात. कापड त्यालाच पाठवावं लागंल. त्याला दुसरा रस्ता न्हाई आता."

त्या दिवशी भर दुपारी इमामबी शेडमध्ये गेली ती एकटी नव्हती. मागं रंगुबाई आणि घरी बसवलेल्या बाकीच्या बायका, काखेत-कडेवर पोरं. आबासाहेबांच्या टेबलावर छावणीतून आलेला तगादा पडलेला होता, तो त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होता. इमामबीनं बसायला मागितलं नाही.

"मच्छरदाण्या आन् सदरे आमी शिवू. माझ्या घरी. कापड तिथं पाठवा. तंबूचं कापड माझ्या मशिनीखाली जाणार न्हाई. मजुरी ह्या बायकांच्या हातात पडंल, मधी कुणी न्हाई. आन् जैनुद्दीन माझ्या उंबऱ्यावर दिसता कामा नये."

"तो माझा मुकादम हाय."

"मग त्याला बसवा मशिनीवर."

बायका हसल्या. आबासाहेबांनी दातओठ खाल्ले. फौजदाराचं नाव काढलं. रंगुबाई म्हणाली, बोलवा, आमीबी सांगू त्याला कुलूप कुनी फोडलं ते. शेवटी त्यांनी हात झटकले. "न्या. न्या तुमचं भंगार. परवापासून माल पायजे मला."

"भंगार" हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर बरं झालं असतं. इमामबीनं तिथंच त्यांना जे ऐकवलं ते बायका पुढं वर्षानुवर्षं एकमेकींना सांगत राहिल्या आणि पोरं जवळ आली की गप्प होत राहिल्या. मग तिनं मास्तरणीबाईंची मशीन उचलली. बाकीच्या बायकांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या, चुंबळीवर मशिनी. अशी ती रांग भिंगारच्या रस्त्यानं, बाजारातून, झेंडीगेटपर्यंत आली. चौकीपाशी जमादार बाहेर येऊन उभा होता. इमामबी त्याच्याकडं बघत बघत पुढं गेली.

पुढची दोन-अडीच वर्षं त्या अंगणात मशिनींचा आवाज थांबला नाही. इमामबी बायकांवर ओरडायची, रंगुबाई इमामबीवर ओरडायची. चाक उलटं फिरवलं म्हणून, तेल कमी घातलं म्हणून, पोरीनं खाल्लं नाही म्हणून. पण धोटा अडला की आधी काय बघायचं, सुई बसली नाही तर कुठं हात लावायचा, हे एकेक करून सगळ्या शिकल्या. जर्मन मशिनीचा शोध इमामबीनं सोडला नव्हता. भंगारवाल्यांची सगळी दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी तिचं चाक सापडलं, नुसतं चाक. बाकीचं वितळायला गेलं होतं. ते चाक घेऊन ती घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

लढाई संपली, ठेका संपला. बायका आपापल्या वाटेनं गेल्या. कर्जतकडं पाऊस झाला होता. रंगुबाई निघाली तेव्हा इमामबीनं मडमेची मशीन गोणपाटात बांधून तिच्या पुढ्यात ठेवली.

"ही कशाला?"

"तिथं कुणी चोळ्या शिवत न्हाई का?"

"इसरशील आन् मागायला येशील."

"तंबू शिवलास तर येईन," इमामबी म्हणाली.

जैनुद्दीनशी मात्र ती बोलली नाही. एकच अंगण, एकच हौद, तरी नाही. ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा वाडगा यायचा, तो झाकण न काढता परत जायचा. तो आजारी पडला तेव्हा जमातीचे वडीलधारे पुन्हा आले. म्हणाले, माफ करणाऱ्याला अल्ला माफ करतो. इमामबी म्हणाली, "अल्लाचं मन मोठं हाय. मी दर्ज्याची बायको. त्यानं मशिनी नेल्या याचा राग न्हाई आता. पण मी परत आले तवा तो जेवत बसला होता, ते मला इसरता येत न्हाई."

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत जैनुद्दीनच्या मुलीचं, शहजादीचं, लग्न ठरलं. पोरगी लग्नाचं कापड घेऊन अंगण ओलांडून आली. बापानं पाठवलं नव्हतं. आईनंही नाही. ती दारात उभी राहिली, कापड छातीशी धरून.

"बडीअम्मी, बाहेरच्या दर्ज्याकडं मी माप देणार न्हाई."

इमामबीनं गळ्यातला टेप काढला. मग म्हणाली, "सरळ उभी रहा. खांदे पाडू नको."

तिनं माप घेतलं, कापड बेतलं, आणि मास्तरणीबाईंची मशीन सावलीत ओढून शिवायला बसली. हप्त्याभरात कपडे तयार झाले. काठाला जरीची पट्टी तिनं स्वतःच्या पेटीतली लावली होती. शहजादीनं ते अंगाला लावून बघितले. तिचे डोळे भरून आले.

"अब्बांनी सलाम सांगितलाय," ती हळूच म्हणाली.

"बगलेत दाब ठेवलाय," इमामबी म्हणाली. "उद्या अंग भरलं तर सोडवून घे. कुणाकडंही देऊ नको, माझ्याकडं आण."

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. इमामबीनं आपलं दार लावून घेतलं आणि शिवत बसली. बँडचा आवाज वाढला तसं तिनं चाक जोरात फिरवायला घेतलं.